आईचा खोकला, तुझी सोयरीक

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी चोवीस वर्षांची मुलगी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहते. तिच्या आईला, वय एकोणपन्नास, दिवाळीपासून खोकला आहे आणि आता होळी आली. कोरडी ढास, रात्री दोन-तीनच्या सुमारास आणि पहाटे जास्त. हसताना, फोनवर बोलतानाही उबळ येते. ताप नाही. बाजारगावच्या डॉक्टरांकडून तीन सुया, दोन वेळा अँटिबायोटिक आणि औषधाच्या पाच बाटल्या झाल्या. तालुक्याला छातीचा एक्स-रे काढला, तो 'साफ' निघाला. आशाताई थुंकी तपासायला द्या म्हणून दोनदा येऊन गेल्या, पण आई देत नाही. "नाव रजिस्टरात चढलं त पोरीची सोयरीक मोडते. लगन होऊन जाऊ दे, मंग पाहू," हे तिचं उत्तर. लग्न वर्ध्याकडे ठरलं आहे, वैशाखात. मुलीचे प्रश्न तीन: आईला न सांगता तिची थुंकी नेऊन देऊ का? पाहुण्यांना आधीच सांगून टाकू का? की लग्न होईस्तोवर थांबू? पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं आहे: "आईला गणपतीतल्या शिबिरात बीपी निघाला, त्याची गोळी सोडली तर तिला काही चालू नाही. भाव नाही म्हणून कापूस अजून घरातच आहे, आई त्याच खोलीत झोपते."

बाई,

तुला एकेरीच लिहिते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझे तिन्ही प्रश्न एकाच खुंटीला टांगलेले आहेत: आईला टीबी असेल तर? पण पत्रभर शोधूनही आईला टीबी आहे असं कुणी म्हटल्याचं मला सापडलं नाही. आशाताई म्हणाल्या तपासा. बाकीचं तुम्ही मायलेकींनी मनात रचलं. त्या भीतीपायी झालं असं, की साडेचार महिन्यांत आईच्या खोकल्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. बाटल्या बदलल्या, सुया टोचल्या, पण हा खोकला कधी सुरू झाला आणि त्याच्या आधी घरात काय बदललं, हे कुणी विचारलं नाही. तू मात्र विचारण्याआधीच लिहून टाकलंस. शेवटच्या त्या ओळींपाशी मी थांबले.

आधी टीबीचं बोलू. ते बाजूला काढल्याशिवाय घरात दुसरं काही ऐकू येणार नाही.

थुंकी तपासायचीच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा आपल्या सरकारी कार्यक्रमाचा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. टीबी पसरतो, म्हणून तिथे वाट पाहत नाहीत. 'जुनाट खोकला' डॉक्टर मोठ्या माणसात आठ आठवड्यांनंतर म्हणतात. तुझ्या आईनं दोन्ही हद्दी कधीच ओलांडल्या. एक्स-रे साफ आला ही चांगली गोष्ट आहे, टीबीची शक्यता त्यानं कमी होते, पण संपत नाही. आता थुंकीची तपासणी नुसत्या सूक्ष्मदर्शकावर सोडत नाहीत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर जंतूचा अंश सापडतो आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही कळतं. पैसे पडत नाहीत.

न सांगता थुंकी नेण्याचा तुझा बेत मात्र सोड. एक तर ते बरं नाही. दुसरं म्हणजे जमणारही नाही. आईचा खोकला कोरडा आहे, तू डबीत नेशील ती लाळ, आणि लाळेच्या तपासणीला अर्थ नसतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून येईल तो बेडका डबीत टाकायचा. तरीही आला नाही तर मोठ्या दवाखान्यात मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात. हे सगळं आईनं स्वतः, समजून करायचं काम आहे.

आता रजिस्टर. तपासणीचा निकाल 'नाही' आला तर टीबीचा रुग्ण म्हणून नाव कुठेही लागत नाही. 'आहे' आला तर नोंद होते, आणि २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही ती करावी लागते. तेव्हा 'नागपूरला खासगीत दाखवू, म्हणजे नाव चढणार नाही' असा विचार घरात चालला असेल तर तोही काढून टाक. ही नोंद कुणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावत नाही. पण मी गावात नोकरी केली आहे, त्यामुळे गोड बोलून तुला फसवणार नाही. आशाताई शेजारच्या गल्लीतल्या असतात, त्यांची जाऊबाई असते, जाऊबाईची बहीण असते. गावाला नको असेल तर तपासणी तालुक्याला किंवा यवतमाळला करा. कुठल्याही सरकारी केंद्रात चालते. आणि आशाताईंवर चिडू नका. साडेचार महिन्यांत योग्य गोष्ट सांगणारं एकच माणूस तुमच्या दारात आलं, ते म्हणजे ती बाई.

सोयरिकी मोडत नाहीत असंही मी म्हणणार नाही. मोडलेल्या पाहिल्या आहेत. पण हिशेब मांडून बघ. समज, टीबी निघाला. उपचार साधारण सहा महिन्यांचे, औषधं फुकट, आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत माणसापासून लागण होण्याची भीती बहुतेक संपते. म्हणजे आज सुरुवात झाली तर वैशाखात आई मांडवात सगळ्यांच्या गळ्यात पडू शकेल. आणि थांबली तर? तोच खोकला घेऊन ती अडीचशे माणसांच्या पंगतीत वाढायला उभी राहील. लग्नासाठी तपासणी टाळणं हे लग्नाच्याच मुळावर येतं.

पाहुण्यांना काय सांगायचं? आज सांगण्यासारखं तुझ्याजवळ काहीच नाही. 'आईला खोकला आहे' ही बातमी होते का? काही निघालं तर तेव्हा, आणि आधी मुलाला, त्याच्या काकांना नव्हे. टीबी रक्तातून लेकीत उतरत नाही हे त्याला समजावून सांगता येईल. ऐकून तो कसा वागतो, ते वैशाखाच्या आधी कळलेलं बरं.

झालं टीबीचं. आता त्या गोळीकडे येऊ.

गणपतीत बीपीची गोळी सुरू झाली, दिवाळीत खोकला. मध्ये दीड-दोन महिने. गोळीची पट्टी शोध आणि नाव वाच. नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का? एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिन्डोप्रिल, असं काही? असेल तर पहिला संशयित तुमच्याच डब्यात बसला आहे. या गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला जपतात. पण ज्या एन्झाइमला त्या रोखतात, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडत असतं. ते मोडलं नाही की काही जणांच्या श्वासनळीत साचतं, तिथल्या नसा हळव्या होतात आणि घशात सतत खवखव होऊन कोरडी ढास लागते. बायकांत हे जास्त दिसतं. गोळी घेतल्या दिवसापासून होईलच असं नाही, आठवड्यांनी होतं, कधी महिन्यांनी. म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. ग्रामीण रुग्णालयात असताना एका शिक्षिकाबाईंना मी पाच महिने ॲलर्जीच्या गोळ्या, वाफारा, घशाचं औषध, सगळं दिलं. एनालाप्रिलही मीच लिहिली होती. त्या उन्हाळ्यात माहेरी गेल्या, तिकडे पट्टी संपली, महिनाभर गोळी घेतली नाही. परत आल्या तेव्हा खोकला गेलेला आणि बीपी आभाळाला टेकलेला. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुमच्या औषधानं नाही, तुमचं औषध संपल्यानं बरं वाटलं." तेव्हापासून खोकल्याच्या रुग्णाला मी आधी पिशवी रिकामी करायला लावते.

पण हे वाचून आज रात्री आईची गोळी बंद करू नकोस. बीपीची गोळी मनानं थांबवून लकव्यानं आडवी झालेली माणसंही मी पाहिली आहेत. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि सरळ विचारायचं, "ही बदलून दुसऱ्या जातीची देता येईल का?" टेल्मिसार्टन, लोसार्टन, ॲम्लोडिपिन असे पर्याय आहेत, त्यांनी असा खोकला सहसा होत नाही. त्यातली कोणती, हे आईची साखर आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतील. बदलल्यावर बहुतेकांना एक ते चार आठवड्यांत आराम पडतो, क्वचित तीन महिनेही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून 'हेही नव्हतं' असा निकाल देऊ नका. आणि पट्टीवरचं नाव 'प्रिल' नसेलच, तर हा सगळा परिच्छेद शेजारच्या कुणासाठी ठेव.

दुसरा संशयित खोलीत ढीग लावून पडला आहे. दिवाळीत गोळीचा परिणाम सुरू झाला असेल तसाच वेचणीचा कापूसही घरात आला. कापूस भावासाठी थांबवला म्हणून मी कुणाला बोल लावणार नाही, ज्याचं वावर त्यालाच त्याचं दुखणं ठाऊक. पण त्या ढिगाशेजारी झोपणं वेगळं. कापसात धूळ असते, वाळलेल्या पात्यांचा भुगा असतो, बारीक किडे असतात. घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते हे तुमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. जे कातडीला खाजवतं ते श्वासनळीला सोडेल कशाला? जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीनं बिसिनोसिस नावाचा छातीचा आजार होतो. सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणं ही त्याची खूण. घरातल्या ढिगानं तो होतो असं मी म्हणत नाही. पण ज्याची श्वासनळी मुळात हळवी, त्याला ती धूळ भडकवते. तेव्हा आईचं अंथरूण आजच सपरीत किंवा दुसऱ्या खोलीत हलव. कापूस राहू दे, आई हलू दे. आंघोळीचं पाणी अजून पऱ्हाटीच्या जाळावर तापत असेल तर तेही काम काही दिवस दुसऱ्या कुणाकडे, आणि चूल अंगणात.

शास्त्र सांगतं एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. तुझ्या बाबतीत ते आपसूक जमेल. अंथरूण आज हलेल, गोळी बदलायला डॉक्टर भेटेपर्यंत आठवडा-दहा दिवस जातीलच. तेवढे दिवस कापसाच्या खात्यात.

आता एक आठव. बाजारगावच्या सुईनंतर आईला बरं वाटलं होतं का? तीन-चार दिवस शांत झोप आणि मग पुन्हा तेच? अशा सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं आराम पडून खोकला परतला असेल तर दम्याची शक्यता वाढते. धाप नाही, शिट्टी वाजत नाही, नुसता रात्रीचा-पहाटेचा खोकला, असाही दमा असतो. हसताना, बोलताना उबळ येणं त्यात बसतं. (हळव्या झालेल्या कुठल्याही श्वासनळीत बसतं, म्हणून एवढ्यावरून ठरवू नये.) याचं निदान स्पायरोमेट्रीनं, म्हणजे नळीत जोरात फुंकायच्या तपासणीनं करतात. आधी एकदा फुंकायचं, मग पंपाचं औषध देऊन पुन्हा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, किंवा लग्नाच्या निमित्तानं वर्ध्याकडे फेऱ्या होतच असतील तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात. दमा निघाला आणि पंप दिला, तर 'पंपाची सवय लागते' म्हणणाऱ्या मावश्या पाच मिनिटांत जमतील. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनळीत ओढायचं असतं. त्यामानानं त्या सुईतलं स्टेरॉइड अख्ख्या अंगभर फिरलं. भ्यायचंच असेल तर सुईला भ्या. टीबी असताना दिलेलं स्टेरॉइड तो बळावू शकतं. आणि अँटिबायोटिकच्या नावात 'फ्लॉक्सासिन' असेल तर त्यानं टीबी काही दिवस दबल्यासारखा वाटून निदान लांबतं. थुंकी देताना हे दोन्ही सांगायचं.

रक्ताची साधी तपासणी होईल तेव्हा इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती आहेत ते मुद्दाम बघायला सांग. विदर्भात हे विसरून चालत नाही. हत्तीरोगाचा जंत आपल्याकडे, विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूरच्या पट्ट्यात, जुना पाहुणा आहे. काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्ध असा उलटा भडका उडतो, की पाय सुजत नाही, पण रात्र-रात्र खोकला येतो. या पेशी मग घन मिलिमीटरला ३,००० च्या वर जातात. दमा समजून वर्षभर औषध खाल्लेली माणसं डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होतात. पोटातल्या जंतांनीही हा आकडा वाढतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनाच लावू दे.

बाकीचं भराभर. घशात मागून काही ओघळल्यासारखं वाटतं का, नाक चोंदतं का, गाजरगवताच्या दिवसांत शिंका येतात का? तर नाकाचा इलाज करावा लागेल. छातीत जळजळ, आंबट पाणी, जेवून लगेच आडवं होणं? तर रात्रीचं जेवण दोन-तीन तास आधी, ठेचा आणि तर्री थोडे दिवस कमी. जळजळच नसेल तर खोकल्यासाठी नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाण्यात अर्थ नाही. घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती अंगणाच्या पलीकडे.

पाच बाटल्यांबद्दलही सांगते. खोकल्याचं सिरप कारण शोधत नाही, फार तर उबळ थोडी दाबतं. काहींत कोडीन असतं, त्यानं झोप आणि बद्धकोष्ठता येते, चटकही लागते. अडुळशाला मी नावं ठेवत नाही, ब्रोमहेक्झिन हे दवाखान्यातलं औषध अडुळशातल्याच द्रव्यावरून बनलं आहे. पण दोघांचं काम कफ पातळ करणं, आणि तुझ्या आईला कफच नाही. मध, कोमट पाणी चालेल. घरात लहान मूल असेल तर आईची उरलेली बाटली त्याला चमचाभरही नको. २०२५ मध्ये पलीकडे छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्यानं लेकरं गेली, त्यातल्या कितीतरींना नागपूरला आणलं होतं. पाच वर्षांखालच्या मुलाला अशी सिरपं सहसा देऊच नयेत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

तुझ्यासारखी पत्रं मला दर पावसाळ्यानंतर येतात, म्हणून हे सगळ्यांनाच: थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, चालताना धाप, पायावर सूज, यातलं एकही असेल तर वर लिहिलेलं अंथरूण-गोळीचं शोधकाम करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल आणि माणूस बिडी-खर्‍याचा असेल तर घसाही तपासून घ्या. बाकीच्यांनी वहीचं एक पान करा. खोकला कधी सुरू झाला, त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत काय नवीन आलं (गोळी, काम, फवारणी, कापूस, घराची रंगरंगोटी), रात्री किती वाजता उठवतो, कशानं थांबला. ते पान एक्स-रेसोबत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. घाईतला डॉक्टरही लिहिलेलं वाचतो.

राहिली आई. तिला 'टीबी असेल तर' या वाक्यानं सुरुवात करू नकोस, ते तिनं रोज रात्री स्वतःला ऐकवलं आहे. गोळीपासून सुरू कर. "आई, ही बीपीची गोळी बदलून आणू, खोकला तिच्यामुळेही असू शकतो." यात लाजण्यासारखं काही नाही, त्यामुळे ती गाडीत बसेल. पण तिथे थुंकी आणि रक्तही तपासणार आहोत हे निघण्याआधीच सांग, दवाखान्याच्या दारात नव्हे. नाही म्हणाली तर दोन दिवसांनी पुन्हा सांग. तुझ्यासाठी ती खोकला गिळून बसली आहे, तिला फसवून काही मिळायचं नाही. बाबांनाही सांग. पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, पण पाहुण्यांशी बोलणी तेच करत असतील.

शिबिरातल्या गोळ्या कधी कधी कापून दिलेल्या असतात आणि नाव नेमकं कापल्या तुकड्यावर गेलेलं असतं. तसं असेल तर शिबिराचं कार्ड शोध, नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचार. दवाखान्यात जायच्या दिवशी आईला उपाशी नेऊ नकोस, फुंकायच्या तपासणीआधी पोट तुडुंब नसलं म्हणजे झालं. पोळी-भाजी बांधून घे, रांग मोठी असते.